आधी सापळा मोजा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते, खीरदान होते, लहान मुले त्रिशरण-पंचशील पाठ करतात. पण वर्षावास मुळात सुरू का झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत. त्यांच्या पायाखाली हिरवे गवत आणि बारीकसारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. ती तक्रार तथागतांच्या कानावर गेली आणि भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे असा नियम झाला. लोकांचे म्हणणे ऐकून स्वतःच्या संघाला नियम लावणारा हा धम्म आहे.

आता योगायोग पाहा. वर्षावासाचे हेच महिने गावाकडे फवारणीचे महिने आहेत. आमच्या उलव्यात राहणारी कितीतरी कुटुंबे विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आहेत. घरचा कर्ता न्हावा-शेवा बंदरात, बेलापूरच्या एखाद्या कार्यालयात, नाहीतर विमानतळाच्या परिसरात कामाला. आणि भाऊ, चुलता, मेहुणा गावी रोजाने. रात्री फोन झाला की ऐकू येते, ‘दादा फवारणीला गेलाय.’ आपण म्हणतो, ‘बरं झालं, काम मिळालं.’ पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. कसली फवारणी? तोंडाला काय बांधले? आणि मुळात ती फवारणी लागत होती का?

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन ३० सप्टेंबरला होता. आपण दीक्षाभूमीच्या गाड्या पकडत होतो त्याच दिवसांत यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात डोळ्यांना दिसेनासे झालेले, उलट्यांनी बेजार झालेले फवारणीवाले भरती होत होते. पुढे चौकशी बसली, विशेष पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. कारणे सांगितली गेली ती अशी: त्या हंगामात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येत होता. बॅटरीवर व पेट्रोलवर चालणारे नवे पंप अतिशय बारीक तुषार उडवत होते. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. वर उकाडा, अंगात साधा शर्ट, नाकाला रुमाल.

ही सगळी कारणे खरीच आहेत. पण त्यात आणखी एक कारण मला घालावेसे वाटते. ‘कीड किती आहे?’ हे न मोजताच पंप पाठीवर चढवला जातो. दुकानदार म्हणतो मारा, शेजारचा मारतोय म्हणून मारा, ढगाळ हवा आहे म्हणून मारा. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला किड्यांची शास्त्रीय नावे पाठ नाहीत. पण खतावणी न पाहता पैसे वाटणाऱ्या दुकानाचे काय होते ते चांगले कळते. शेतातली खतावणी म्हणजे सापळा. आज तेच समजून घेऊ.

सापळा म्हटला की आपल्याला उंदराचा पिंजरा आठवतो. किडींचे सापळे निराळे असतात. प्रत्येक किडीला कशाची तरी ओढ असते. कुणाला उजेडाची, कुणाला रंगाची, कुणाला वासाची. ती ओढ ओळखायची आणि त्या वाटेवर चिकट पत्रा, पाणी किंवा पिशवी ठेवायची, एवढेच त्याचे तत्त्व आहे.

यांत सर्वांत हुशारीचा म्हणजे कामगंध सापळा. नावावरून तरुण मुले हसतात, हसू देत. पतंगाची मादी रात्री शरीराच्या टोकाकडच्या ग्रंथीतून एक वास सोडते. तो आपल्या नाकाला कळतही नाही. पण त्याच जातीचा नर मिशांनी तो टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने मादीकडे येतो. हा वास नेमका कशाचा, हे जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीमकिड्यावर जवळजवळ वीस वर्षे काम करून १९५९ साली शोधून काढले. त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि हाती काय आले, तर काही मिलिग्रॅम पदार्थ! पुढे अशी रसायने कारखान्यात तयार होऊ लागली. रबराच्या छोट्या गोळीत ती भरतात. शेतकरी त्याला लुअर म्हणतात. प्लास्टिकच्या नरसाळ्यावर झाकण, झाकणाला लुअर, नरसाळ्याखाली लांब पिशवी. नर येतो, मादी शोधत घिरट्या घालतो आणि पिशवीत पडतो.

प्रत्येक जातीचा वास वेगळा. गुलाबी बोंडअळीचा लुअर लावला तर हिरव्या बोंडअळीचा पतंग तिकडे फिरकणार नाही. म्हणून दुकानात ‘एक सापळा द्या’ एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या किडीचा ते सांगावे लागते. लुअर हाताळताना हात स्वच्छ हवेत. तंबाखू मळलेल्या हाताने लुअर लावला की वास बिघडतो. (आमच्या लोकांना ही अट जड जाणार हे मला माहीत आहे.) तीन-चार आठवड्यांनी लुअर बदलायचा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर राहील असा बांधायचा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायचा.

आता खरा मुद्दा मोजणीचा. कपाशीत पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन सापळे लावायचे. रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे आणि वहीत लिहायचे. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी शास्त्रज्ञांनी ठरवलेले माप असे आहे की, एका सापळ्यात रोज आठ पतंग आणि तेही लागोपाठ तीन रात्री सापडले तर किडीने धोक्याची पातळी गाठली. जोडीला शेतातली वीस हिरवी बोंडे तोडून फोडायची. दोन बोंडांत अळी निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, तरी इशारा समजायचा. त्याच्या खाली असेल तर थांबायचे, पुढचे दिवस मोजत राहायचे. डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करायच्या, त्याला औषध लागत नाही.

कुणी म्हणेल, अळी दिसली की मारू, पतंग मोजत कशाला बसायचे? कारण गुलाबी बोंडअळी दिसतच नाही. अंड्यातून निघाली की ती लगेच बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही औषध ओता, आत ती सुखरूप असते. ओतणाऱ्याच्या फुप्फुसात मात्र ते औषध जाते. पतंग आधी येतो, अंडी नंतर, अळी त्यानंतर. सापळा आपल्याला ही पहिली पायरी दाखवतो. फवारणी करायचीच असेल तर तिचा उपयोग होणारे दिवस कोणते, हेही त्यावरूनच कळते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण सापळा विकणारेही कधी कधी तो जादूचा असल्यासारखे बोलतात. एकरी दोन सापळ्यांनी कीड संपत नाही. ते केवळ मोजमापासाठी असतात. सापळ्यात नर पडतात, आणि वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर एकरी आठ-दहा सापळे लागतात, आणि तेही एकट्याने लावून काम होत नाही. शेजारच्या शेतातून पतंग उडत येतात, जिनिंगमधून येतात. म्हणून जिनिंगच्या आवारातही सापळे लावायला सांगतात. हंगाम संपला की कपाशी उपटायची, फरदड घ्यायची नाही, हेही त्यातच आले. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी देशातून हद्दपार झाल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले. तिथे बीटी कपाशी होती, वांझ केलेले पतंग सोडले होते, शेतभर मादीचा वास पसरवून नराला चकवण्याची युक्ती होती आणि गावोगाव सापळे होते. आपल्याकडे २००२ साली बीटी आली तेव्हा ‘आता बोंडअळी गेली’ असे सांगून सर्वांना निर्धास्त केले गेले. पंधरा वर्षांत गुलाबी अळी बीटीलाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ उजाडले.

इथे काही वाचक विचारतील, आणि विहारात मला हा प्रश्न विचारलाही गेला आहे, की आपण पहिले शील घेतो, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. मग सापळा लावणे हे शीलभंग नाही का? प्रश्न चांगला आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक दाखवला आहे. बुद्धाची अहिंसा ही आंधळा नियम नसून विवेकाने पाळायचे तत्त्व आहे, असा त्याचा आशय. मला वाटते, हा फरक शेतात आणायला सापळ्याइतके चांगले साधन दुसरे नाही. गरज आहे की नाही हे तो मोजून सांगतो. न मोजता केलेल्या फवारणीत बोंडअळीबरोबर मधमाशी मरते, मावा खाणारा ढालकिडा मरतो, कोळी मरतो आणि पंप पाठीवर घेतलेला माणूसही मरू शकतो. एवढी हत्या कुठल्या गरजेपोटी झाली, याचे उत्तर कुणाकडे असते?

पण सापळा लावण्याचा अधिकार कुणाचा? शेत ज्याचे, त्याचा. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. तरी आज आपल्यातले पुष्कळ लोक दुसऱ्याच्याच शेतात राबतात. मजुराने मालकाला ‘सापळ्यात किती पतंग पडले?’ असे विचारले तर मालकाला राग येईल, उद्या दुसऱ्याला बोलावेल. हे खरे आहे. म्हणून हे एकट्याने विचारायचे नाही. गावातल्या फवारणीवाल्यांनी, विहारातल्या मंडळाने, महिला बचत गटाने मिळून ठरवायचे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याचे नियम १९७१ चे. औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, हे त्या नियमांत लिहिलेले आहे. हातमोजे, चष्मा, तोंडाचा मुखवटा मागणे म्हणजे मालकाकडे भीक मागणे नव्हे.

डब्यावरचा त्रिकोणही सर्वांनी ओळखावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. अक्षर येत नसले तरी रंग कळतो. अंगावर औषध पडले तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे. लाळ गळणे, उलटी, अंधुक दिसणे, छातीत कोंडल्यासारखे होणे यांपैकी काही झाले तर घरी लिंबूपाणी देत बसू नये. रुग्णालयात न्यावे आणि जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा. कोणते विष आहे हे डॉक्टरांना कळले तर उतारा लवकर सुरू होतो.

आता बाकीचे सापळे.

पिवळा चिकट सापळा सर्वांत सोपा. पांढरी माशी, मावा, तुडतुडे यांना पिवळा रंग खेचतो, फुलकिड्यांना निळा. जुना तेलाचा डबा पिवळा रंगवून वर एरंडेल किंवा ग्रीस फासले की झाला सापळा. आठवड्याने पुसून पुन्हा फासायचे. शाळेतली मुलेही हे करू शकतात.

प्रकाश सापळ्याचे तसे नाही, तो जपून वापरावा लागतो. दिव्याखाली साबणाचे किंवा थोडे रॉकेल टाकलेले पाणी ठेवले की पाखरे येऊन पडतात. पण दिवा शत्रू-मित्र ओळखत नाही. रात्रभर लावला तर उपयोगाचे किडेही मरतात. म्हणून अंधार पडल्यापासून दोन-तीन तासच लावावा. त्याचा खरा फायदा हुमणीत आहे. ऊस-भुईमुगाची मुळे खाणारी ही अळी जमिनीत लपलेली असते, पण तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर येतात आणि कडुनिंब-बाभळीवर बसतात. त्याच काही दिवसांत गावाने मिळून फांद्या हलवल्या, दिवे लावले, भुंगेरे गोळा केले तर अंडी घालण्याआधीच ते हाती लागतात. हुमणीची वर्षात एकच पिढी होते, त्यामुळे ते चार दिवस गेले की वर्ष गेले. एकाने केले आणि दहांनी नाही, तर मात्र सगळे फुकट.

फळमाशीच्या सापळ्याची गोष्ट मला विशेष आवडते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत हॉलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धावत येतात, हे १९१२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले. पुढे तो ओढणारा पदार्थ मिथाइल युजेनॉल असल्याचे कळले. तुळशीच्या काही जातींतही तो असतो. आपल्या कोकणात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर आंब्यासाठी ‘रक्षक’ सापळा काढला. काकडी, कारली, दोडकी यांवरच्या माशीला दुसरा लुअर लागतो, त्याला क्यूल्युअर म्हणतात. उलव्यात सिडकोच्या इमारती येण्यापूर्वी भातखाचरे होती. आता गच्चीवर आणि गॅलरीत कारल्याचा वेल चढवणाऱ्या बहिणी आहेत. त्यांची कारली आतून किडत असतील तर औषध मारण्याआधी हा सापळा मागवून पाहावा.

घरात काय करावे? दिवाणखान्यात जांभळ्या दिव्याचे यंत्र टांगण्याची सध्या हौस आहे. तडतड आवाज आला की डास मेला असे वाटते. १९९४ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अशा यंत्रांत उन्हाळाभर मेलेले किडे कुणीतरी बसून मोजले. एकूण १३,७८९ निघाले. त्यांत चावणारे फक्त ३१. डासाची मादी दिव्याकडे येत नाही, ती आपल्या श्वासाकडे आणि घामाकडे येते. मोजणी केली नसती तर हे कळले असते का? त्या पैशांत खिडक्यांना जाळी बसते.

झुरळांसाठी चिकट पुठ्ठे मिळतात. ते खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. झुरळ मिशा भिंतीला घासत कडेकडेने चालते, म्हणून मोरीचा कोपरा, सिलिंडरमागची भिंत, ओट्याखालचा सांधा इथे ठेवावेत. ज्या पुठ्ठ्यावर पिल्ले जास्त, तिथेच जवळ घर आहे असे समजावे. ती फट सिमेंटने बुजवली की निम्मे काम झाले. चिलटांसाठी काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि तोंडावर कागदाचे नरसाळे पुरते. आत जाणे सोपे, बाहेर येणे त्यांना जमत नाही.

धान्यासाठी कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने एक नळीचा सापळा बनवला आहे, तो रेशनचा तांदूळ भरणाऱ्या प्रत्येक घरात असावा असे माझे मत आहे. बारीक भोकांची नळी, खाली शंकूसारखी पेटी. ती डब्यातल्या धान्यात उभी खोचायची, वरच्या अर्ध्या फुटात, कारण किडे बहुतेक तिथेच फिरतात. सोंडे आणि पोरकिडे मोकळ्या हवेच्या ओढीने भोकातून आत शिरतात आणि खाली पेटीत पडतात. आठवड्यातून एकदा पेटी काढून पाहायची. दोन-चार किडे दिसू लागले की लगेच धान्य चाळावे, उन्हात घालावे. वेळेवर कळले तर धान्यात गोळ्या टाकण्याची पाळी येत नाही. पोत्यात टाकायच्या त्या गोळ्यांतून जो वायू निघतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. गोदामाची वस्तू आहे ती. राहत्या घरात, त्यातही एका खोलीच्या घरात, ती कुणी फुकट दिली तरी आणू नये.

आणि गावाहून येताना औषधाचा रिकामा डबा ‘चांगला आहे, धुऊन घेऊ’ म्हणून कुणी तेल-रॉकेलसाठी आणत असेल तर त्याला थांबवा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. ज्या मुलांच्या घरी दुपारचे जेवण शिजत नव्हते, तीच मुले त्या पंगतीला बसली होती. रिकामा डबा भोसकून, चेपून, विहीर-ओढ्यापासून दूर पुरावा.

डासांविषयी आणि इमारतींच्या कामाजवळ साचणाऱ्या पाण्याविषयी पुढच्या अंकात लिहीन.